शेवटच्या गाण्याचा शेवट

अधिक महिना लागला तेव्हा सुनीतीबाईंनी तीन नेम धरले : सूर्य उगवायच्या आत स्नान, दिवसाकाठी एकदाच जेवण आणि महिनाभर खोटं न बोलणं. पहिले दोन त्यांच्या सवयीचे. तिसरा नवा होता, आणि पुढचा सगळा घोळ त्यानं केला.

खरं तर खोटं बोलायची वेळ त्यांच्यावर यायचीच कुठे? त्यांचा आवाजच मुळात देवघरातल्या निरांजनासारखा, दार उघडलं तरी विझेल असा. दूधवाल्याला ‘आज अर्धा लिटर जास्त’ एवढं सांगायचं तर त्या आधी घसा साफ करत, मग पदर सारखा करत, आणि तोवर दूधवाला वरच्या मजल्यावर पोचलेला असे. नगरच्या केडगावातल्या त्या सोसायटीत सगळे त्यांना मान देत. ऐकत मात्र कुणी नसे. ऐकू आलं तर ऐकणार ना!

निमित्त झालं समईचं. समईच्या वरच्या मोराचा आटा गेला, मोर डुलायला लागला आणि ऐन अधिक महिन्यात देवासमोर डुलता मोर नको म्हणून सुनीतीबाई आणि मार्तंडराव रखमाजींच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेले. रखमाजींच्या दुकानात सगळं मिळायचं, आपण मागितलेलं सोडून.

“मोर न्हाई,” रखमाजी म्हणाले, “पर हत्ती हाय. हत्तीला काय झालं? देवाला चालतोय की.”

“आटा बसेल का हत्तीचा?” मार्तंडरावांनी विचारलं. ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झाले होते. बांधकाम खात्यात ते आवक-जावक पाहत; पण इतकी वर्षं कागदावरून पूल जात राहिले की माणूस आपोआप इंजिनियर होतो, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

दोघांची आट्यावर चर्चा रंगली आणि सुनीतीबाईंची नजर कोपऱ्यातल्या खोक्याकडे गेली. खोक्यात जुन्या रेकॉर्डी होत्या. सगळ्यात पुढे ‘सायंस्तोत्रे’. वेष्टनावर झाडाखाली बसलेले मुनी, मांडीवर वीणा. आणि त्या वीणेच्या टोकाला कुणीतरी निळ्या बॉलपेननं दोन शिंगं काढलेली.

सुनीतीबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली.

ती शिंगं त्यांच्या भावानं काढली होती. सुश्रुतनं, त्यांच्यादेखत, माळीवाड्यातल्या घरी, वडील विशाल गणपतीच्या दर्शनाला गेले असताना. वडील संस्कृतचे मास्तर. पुण्याच्या वसतिगृहातून सुश्रुतनं एक गोऱ्यांची रेकॉर्ड आणली होती आणि ती उघड ठेवायची घरात सोय नव्हती. मग त्यानं सायंस्तोत्रांच्या रेकॉर्डचा मधला गोल कागद वाफेवर सोडवला, गोऱ्यांच्या रेकॉर्डवर खळीनं चिकटवला आणि मुनींच्या वेष्टनात ती सरकवली. मूळची स्तोत्रं कुठे गेली हे देवालाच ठाऊक.

त्या गाण्यांचं वर्णन काय करावं? चार माणसं मिळून पत्र्याची शेड पाडताहेत आणि पाचवा ती पडू नये म्हणून जिवाच्या आकांतानं ओरडतोय, असं काहीतरी. सुनीती तेव्हा शाळेत होती. ती रेकॉर्डच्या यंत्राशेजारी वातींची परडी घेऊन बसे आणि त्या ढोलांच्या दणक्यावर वाती वळे. आज सोसायटीच्या भजनी मंडळात सुनीतीबाईंच्या वातीसारखी घट्ट वात कुणाची नाही. ती घट्ट का होते, हे मात्र मंडळाला माहीत नव्हतं.

अडचण एकच होती. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं पूर्ण ऐकायला कधी मिळालंच नाही. ते निम्म्यावर यायचं, मध्येच सगळं थांबायचं, एक घंटा वाजायची, ढोल परत सुरू व्हायचे, आणि नेमक्या त्याच वेळी अंगणात वडिलांच्या वहाणा करकरायच्या. वहाणा ऐकणं हे सुश्रुतचं काम, सुई उचलणं सुनीतीचं. इतक्या संध्याकाळी तिनं ती सुई उचलली, पण पुढे काय होतं ते काही कळलं नाही.

सुश्रुतला कळलं. एकदा वडील राहुरीला मुक्कामी गेले, सुनीती मावशीकडे होती आणि पठ्ठ्यानं एकट्यानं शेवट ऐकला. सांगितला नाही. पुढे लग्नं झाली, घरं मोडली, सामान विकलं गेलं, तरी दर भाऊबीजेला ओवाळताना ती हळूच विचारी, “दादा, शेवट?” आणि तो म्हणे, “ओवाळणीत साडी माग, सुने. शेवट नाही.” गाणाऱ्यांचं नाव विचारलं तर म्हणे, “तुझा सत्यवचनी स्वभाव. नाव कळलं तर वडिलांना सांगून बसशील.” वडील जाऊन वीस वर्षं झाली तरी हेच.

गेल्या पौषात सुश्रुत गेला. दवाखान्यात नाकावर नळी असताना तिनं पुन्हा विचारलं. तो डोळ्यांनी हसला आणि म्हणाला, “ऐकशील तेव्हा तुला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागेल बघ.” एवढंच. मग नर्सनं तिला बाहेर काढलं.

तेव्हा आता त्या जुन्या सामानाच्या दुकानात सुनीतीबाईंच्या हातातली पिशवी का पडली, हे लक्षात यावं.

“स्तोत्रं आहेत होय?” मार्तंडराव म्हणाले. “घे की मग. अधिकात पुण्याचं काम.”

सुनीतीबाई काही बोलल्या नाहीत. गप्प राहणं खोट्यात धरत नाहीत. धरत असतील तर तसं कुठल्या पोथीत त्यांनी तरी वाचलं नव्हतं.

रखमाजींनी रेकॉर्डबरोबर एक पेटीवजा यंत्रही गळ्यात मारलं. “लई चांगलं हाय. फकस्त सुई न्हाई, पट्टा न्हाई, आन् आवाज येत न्हाई. बाकी एक नंबर.” समईला हत्ती बसवून मंडळी घरी आली. हत्तीही डुलत होता.

आता प्रश्न पडेल की एवढा खटाटोप कशाला, मोबाईलवर मिळत नाही का? शेजारच्या शुभांगीनंही हेच विचारलं. शुभांगी शाळेत गणित शिकवायची, आणि सुनीतीबाईंचं बोलणं ऐकायला जवळ येऊन बसणारी ती जगातली एकमेव व्यक्ती होती. सुश्रुत गेल्यावर तिला त्यांनी सगळं सांगितलं होतं. ऐकून ती म्हणाली होती, “काकू! तुम्ही! कानात कापूस घालून फटाके बघणाऱ्या तुम्ही!” गाण्याचं नाव माहीत नाही म्हटल्यावर तिनं फोन पुढे केला होता. “चाल गुणगुणा. फोन ओळखतो.” सुनीतीबाईंनी ढोलासकट गुणगुणलं. फोननं थोडा विचार केला आणि एक बंगाली अंगाई काढून दिली.

तर मार्तंडरावांनी यंत्र हाती घेतलं. पट्टा म्हणून लहान कुकरची रिंग बसवली. “तत्त्व एकच आहे,” ते म्हणाले. “गोल वस्तूनं गोल वस्तू फिरवायची.” रिंग बसली, यंत्र फिरलंही. मात्र त्या दिवसापासून घरात वरण मोठ्या कुकरात, सबंध वाड्याला पुरेल एवढं होऊ लागलं, आणि एकभुक्त सुनीतीबाई ते सोसायटीभर वाटत फिरू लागल्या.

वरण द्यायला दोघं मनकर्णाबाईंकडे गेली तिथं चूक झाली. मनकर्णाबाई म्हणजे भजनी मंडळाच्या अध्यक्षा. त्यांना रेकॉर्डचा विषय कळला, म्हणजे मार्तंडरावांनी जिन्यात थांबून कळवला. लगेच त्या पाहायला आल्या. त्यांनी वेष्टनाला नमस्कार केला, शिंगांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “दाक्षिणात्य वीणा दिसते. पण धूळ किती! रिठ्यानं धुवा. दुसऱ्या कशाला हात लावू नका.”

रिठ्यानं धुतली. आता वाळवायची. सुनीतीबाई पूजेला बसल्या होत्या, तेवढ्यात मार्तंडरावांनी मदत म्हणून ती गच्चीवर नेली आणि मंडळाच्या कुरडयांशेजारी पातळावर नीट पसरून ठेवली. नगरचं मे महिन्यातलं ऊन. मंडळाच्या कुरडया वाळल्या. रेकॉर्डचा एक काठ मात्र तळणीतल्या पापडासारखा वर आला.

सुनीतीबाई गच्चीत बसून राहिल्या. रडल्या नाहीत. पण त्या दिवशीचं एक वेळचं जेवणही त्यांनी केलं नाही, आणि तो नेम नव्हता.

“अगं, सरळ होईल,” मार्तंडराव पडेल आवाजात म्हणाले. “वजन ठेवायचं. रस्त्याला रोलर फिरवतात तसं.” दोन पाटांमध्ये रेकॉर्ड, वर पाटा, पाट्यावर वरवंटा, त्यावर ज्वारीच्या पिठाचा डबा. चार दिवस भाकरीला पीठ काढायचं म्हटलं तरी सगळा डोलारा उतरवावा लागे. शेवटी रेकॉर्ड बरीचशी सपाट झाली. एक लाट तेवढी राहिली.

मग सुई. शुभांगीनं ती मुंबईहून मागवून दिली, पण पत्ता मार्तंडरावांनी सांगितला आणि सवयीनं जिल्हा अहमदनगर सांगितला. पार्सल कुरियरच्या खिडकीपर्यंत आलं आणि तिथं अडलं.

“हा जिल्हा आमच्या सिस्टीमला नाही,” खिडकीतला माणूस म्हणाला.

“नाही म्हणजे? उभी नोकरी मी या जिल्ह्याची केली!”

“आता अहिल्यानगर आहे.”

“तेच हो! जिल्हा तोच, नाव बदललं.”

“मग बदलल्याचा पुरावा आणा.”

“कुणाचं नाव? माझं कुठे बदललंय?”

“तुमचं नाही, जिल्ह्याचं.”

मार्तंडराव आयुष्यभर दुसऱ्यांना कागद आणायला पाठवत आले होते. आता ते स्वतः एका कचेरीत अधिसूचनेची प्रत मागायला गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, “तुम्ही अहिल्यानगरचे रहिवासी असल्याचा पुरावा?” त्यांनी आधार कार्ड दिलं. त्यावर अहमदनगर. बाईंनी ते दोन्ही बाजूंनी पाहून परत केलं. घरी येऊन मार्तंडराव पंख्याखाली बसले आणि खोल आवाजात म्हणाले, “सुनीती, आपण नक्की कुठे राहतो?”

इकडे पार्सल कंटाळून भिवंडीला परत गेलं, आणि तिथून कुणालाही न विचारता आपणहून घरपोच आलं. पत्ता तोच. पुरावा कुणीच दिला नाही. या विषयावर मार्तंडराव आजही बोलत नाहीत.

पण मधल्या काळात मनकर्णाबाईंनी ठराव केला होता : अधिकातल्या एकादशीला, दुपारी, सोसायटीच्या हॉलमध्ये, सुनीतीबाईंच्या दुर्मिळ सायंस्तोत्रांचं सामुदायिक श्रवण. लाउडस्पीकर मंडळाचा. नंतर फराळ.

सुनीतीबाईंनी खरं सांगायचा प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. जिन्यात त्या म्हणाल्या, “मनकर्णाबाई, ती स्तोत्रं नाहीत हो.” खाली कुणीतरी बुलेट चालू केली. फोनवर म्हणाल्या, तेव्हा पलीकडे मिक्सरमध्ये दाण्याचं कूट चाललं होतं. तिसऱ्यांदा त्या मुद्दाम घरी गेल्या, समोर बसल्या आणि म्हणाल्या, “त्यात फार आरडाओरडा आहे.” मनकर्णाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. “अहो, जुन्या लोकांची भक्तीच तशी होती. काळजाच्या देठापासून. आपल्यासारखं पुटपुटणं नव्हतं ते.” शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी सुनीतीबाईंकडे जरा रोखून पाहिलं.

खरं बोलायचा नेम होता. मोठ्यानं बोलायचा नव्हता.

“घरीच का नाही ऐकत आधी?” शुभांगीनं विचारलं. ऐकलं असतं. पण सुई आली ती एकादशीच्या सकाळी, आणि यंत्राला स्वतःचा आवाज नव्हताच. तो मंडळाच्या लाउडस्पीकरमधूनच निघणार होता.

एकादशीला हॉल भरला. बायका चटया घालून बसल्या. यंत्राला हार घातला होता. लाटेवर सुई उडू नये म्हणून दांड्यावर वजन हवं होतं. मार्तंडरावांनी पूजेतली सुपारी उचलली. “अहो, तो गणपती आहे,” सुनीतीबाई म्हणाल्या, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना ऐकू गेलं. मग डब्यातली साधी सुपारी दोऱ्यानं बांधली.

“पहिली बाजू कुठली?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

“दुसरीच लावू,” सुनीतीबाई म्हणाल्या. आता व्हायचं ते होणारच होतं. निदान शेवट तरी हाती लागावा.

सुई टेकली. कुकरची रिंग सैल, त्यामुळे रेकॉर्ड फिरत होती गोगलगायीसारखी. लाउडस्पीकरमधून खर्जात, खोल विहिरीतून आल्यासारखा एक स्वर निघाला. ओरडणारा पाचवा माणूस हळू फिरवला की थकलेल्या दशग्रंथी ब्राह्मणासारखा ऐकू येतो, हे तेव्हा कळलं. बायकांनी हात जोडले. मनकर्णाबाईंचे डोळे पाणावले. “काय भारदस्त!” त्या पुटपुटल्या. सुनीतीबाई परडीत हात घालून बसल्या होत्या. हीच ती गाणी, पण इतकी म्हातारी झालेली, की त्यांना एकदम सुश्रुतचा दवाखान्यातला चेहरा आठवला.

मग रिंग तापली. तापली आणि घट्ट बसली.

पत्र्याची शेड एकदम कोसळली. हॉलच्या खिडक्या थरथरल्या. पुढच्या रांगेतल्या दोघी मागच्या रांगेत गेल्या. पाचवा माणूस तरुण झाला आणि असा ओरडला, की बाहेरच्या कुत्र्यांनी उत्तर दिलं. मार्तंडरावांचा चेहरा पांढराफटक पडला. “मी जरा फराळाचं बघतो,” असं म्हणून ते चपला घालून जे निघाले ते स्वयंपाकघराच्या दिशेनं दिसेनासे झाले. नवऱ्यानं जिल्हा गमावल्याचं दुःख सुनीतीबाईंनी समजून घेतलं होतं. हे मात्र त्यांनी मनात नोंदवून ठेवलं.

“सुनीतीबाई!” मनकर्णाबाई ओरडल्या. “हे काय आहे?”

“मी तुम्हाला तीनदा सांगितलं,” सुनीतीबाई म्हणाल्या. कुणालाच ऐकू गेलं नाही.

“बंद करा म्हणावं की!” मागून कुणीतरी म्हणालं.

इथे सगळंच संपलं असतं. पण मनकर्णाबाई झाल्या तरी अध्यक्षा होत्या. यंत्राला त्यांनीच हार घातला होता, संकल्प त्यांनीच सोडला होता. “आरंभलेलं श्रवण अर्धवट टाकायचं नाही,” त्या दात आवळून म्हणाल्या. “समाप्ती झाल्याशिवाय कुणी उठणार नाही. फराळही नाही.” आणि त्यांनी हात परत जोडले. चाळीस उपाशी बायका पत्र्याच्या शेडखाली हात जोडून बसल्या. शुभांगी तेवढी मान हलवत होती. पायही.

शेवटचं गाणं लागलं. सुनीतीबाईंचे हात आपोआप चालू लागले. वात, वात, वात. निम्म्यावर सगळं थांबलं. घंटा वाजली. ढोल परत सुरू झाले. अंगणात कुणी आलं नाही. कुणी येणारच नव्हतं. वडील नव्हते, आणि वहाणांची चाहूल घ्यायला दारात कान लावून उभा राहणाराही नव्हता. गाणं पुढे गेलं. जिथं त्या कधीच पोचल्या नव्हत्या तिथं गेलं.

पुढे होतं ते असं : दोन ढोल, एक घंटा, आणि त्या माणसाची एक लांब हाक. पुन्हा दोन ढोल, घंटा, हाक. परत तेच. परत तेच.

सप्ताहात आठ-आठ दिवस अखंड नाम ऐकणाऱ्या बायका त्या. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट ओळखीचं काही आलं म्हणून जिवात जीव आला. कुणीतरी ढोलावर टाळी धरली. मग सगळ्यांनी धरली. मनकर्णाबाईंनी झांज काढली. “हे बरं आहे,” त्या म्हणाल्या. घंटेवर झांज, हाकेला सगळ्या मिळून “होऽऽ”. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अर्धं वर्तुळ फिरून गेला. साबुदाण्याची खिचडी गोळा झाली असणार. कुणी उठलं नाही. समाप्ती व्हायची होती.

शुभांगी सरपटत जवळ आली. “काकू,” ती कानाशी म्हणाली, “सुई पुढे सरकत नाहीये. शेवटच्या रेघेत गोल फिरतेय. मुद्दाम केलेलं असतं असं. हे संपत नाही.”

“संपत नाही म्हणजे?”

“म्हणजे कुणीतरी उचलेपर्यंत चालूच.”

सुनीतीबाई त्या फिरत्या तबकडीकडे पाहत राहिल्या. दर भाऊबीज. ताटातलं निरांजन, त्याचं ते हसणं. दादाला किती वेळ लागला असेल? पाच मिनिटं? दहा? मग कळलं असेल, उचलली असेल सुई, आणि एकटाच पोट धरून हसला असेल माळीवाड्यातल्या घरात. आणि सुनी ऐकेल तेव्हा ती कशी बसेल, हात जोडून, न उठता, हे त्याला तेव्हाच दिसलं असेल.

“सुनीतीबाई,” झांज न थांबवता मनकर्णाबाईंनी विचारलं, “अजून किती आहे?”

नेम होता. “तसं म्हटलं तर पुष्कळ आहे,” त्या म्हणाल्या. आणि सुई उचलायला हात पुढे केला नाही. चालू दे. दोन ढोल, घंटा, हाक. त्यांना कळत होतं की बायका उपाशी आहेत, खिचडी गार होतेय, आणि उद्या सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण ही हाक थांबली की दादानं राखून ठेवलेलं काहीच उरणार नव्हतं. विचारायला भाऊबीजही नाही. त्यांनी पुढची वात घेतली.

आणि दाराबाहेर चपला करकरल्या.

फराळ तयार असल्याचं सांगायला मार्तंडराव आले होते, बिचारे भीत भीत. पण त्यांच्याकडे पाहायच्या आतच सुनीतीबाईंचा हात गेला होता. विचार करायच्या आधी, मान वळायच्या आधी, शाळेतल्या मुलीच्या चपळाईनं. सुई वर. परडी मांडीवर. नजर खाली.

झांज एकदा एकटीच वाजली आणि ओशाळून थांबली.

मार्तंडरावांनी दारातूनच डोकं आत घातलं. “संपलं का गं?”

सगळ्या बायका सुनीतीबाईंकडे पाहायला लागल्या. दारात, मार्तंडरावांच्या शेजारी, कान लावून उभं राहायची जागा रिकामी होती.

“हो,” त्या म्हणाल्या, आणि पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “संपलं.”

मनकर्णाबाईंनी गजर केला. बायका घाईघाईनं खिचडीकडे गेल्या. सुनीतीबाई रेकॉर्ड मुनींच्या वेष्टनात सरकवत तिथंच बसून राहिल्या. आपण आत्ता बोललो ते खरं होतं की खोटं, याचा त्या विचार करत होत्या. खोटं असेल तर नेम मोडला होता आणि उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून धरायला हवा होता. खरं असेल तर ते त्याहून वाईट होतं.